स्पॅनिश नाव सुचवा, मादी आहे

गोंदियात पावसाळा संपत आला की माणसं एकमेकांना धानाबद्दल विचारतात, अशी माझी समजूत होती. तुडतुडा किती, भाव काय, बोनसचं काय झालं. यंदा लोक वेगळीच अडचण घेऊन येतात. घरी पिल्लू आणलंय, मादी आहे, एखादं छानसं स्पॅनिश नाव सुचवा. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला स्पॅनिश येतच असणार, ही त्यांची श्रद्धा. श्रद्धेला तडा जाऊ नये म्हणून मी गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "स्पेनकडचं हवं की मेक्सिकोकडचं?" समोरचा क्षणभर चपापतो. मग म्हणतो, "जे भारी वाटेल ते."

स्पॅनिशच का, हे विचारायचं नाही. २०१७ साली 'देस्पासितो' गाणं आलं आणि अवाक्षर न कळता सगळी वरात त्यावर नाचली, तेव्हाच हे कधीतरी होणार होतं.

आमच्या लेआउटमधल्या एका घरानं तर रीतसर बैठक घेतली. 'लूना' पहिल्या फेरीतच बाद झालं. आजोबांच्या पिढीनं लूनावर धानाचं पोतं, गॅसची टाकी आणि बायको एकाच खेपेत वाहिली. त्या नावाला अजून पेट्रोलचा वास येतो. 'चिका' ऐकून आजीनं विचारलं, गाय कधी व्याली? 'बोनिता' नावाची कुत्री मागच्या गल्लीत आधीच होती आणि ती चावरी निघाली. शेवटी पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं फोनवरून 'एस्पेरान्सा' कळवलं. सगळे खूश. आजीनं दोन दिवस प्रामाणिक प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी कुत्रीचं 'पेरू' करून टाकलं. त्यावर घरात थोडी नाराजी झाली. पेरू हाही स्पॅनिश बोलणारा देश आहे, असं मी सांगितल्यावर ती निवळली. उलट आजीच्या जाणकारीचं कौतुक झालं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. कुत्रीला पासपोर्ट काढायचा नाही, काय हवं ते म्हणा. पण संध्याकाळी त्या घरासमोरून जाताना कानावर पडतं ते ऐकून डोकं भणाणतं. नाव स्पॅनिश. 'सिट', 'स्टे', 'कम' हे इंग्रजीत, कारण कुत्र्यांना म्हणे तेवढंच समजतं. सोफ्याचा कोपरा कुरतडला की रागावणं हिंदीत, कारण गोंदियात राग हिंदीतच चढतो, बाजारानं तशी सवयच लावली आहे. पाहुण्यांना तिची हुशारी सांगायची ती शुद्ध मराठीत, णचा ण आणि ळचा ळ नीट लावून. आणि रात्री वीज कडाडली, पिल्लू पलंगाखाली थरथरायला लागलं, स्पॅनिश-इंग्रजी-हिंदी बोलणारे सगळे एसी लावून गाढ झोपले, की आजी उठते. पलंगाखाली हात घालते आणि म्हणते, "काहून भेतेस वो पेरू? मी आहो ना." पिल्लू बाहेर येतं. दिवसभर एस्पेरान्सा, एस्पेरान्सा करून ज्यांचा घसा बसला, त्यांच्या हाकेला तिनं एकदाही कान टवकारलेला मी पाहिला नाही. आजीची झाडीबोली तिला कळते. घरात ती कळणारी ती एकटीच उरली आहे.

कारण हीच आजी पाहुण्यांसमोर बोलायला लागली की सूनबाई डोळ्यांनी खुणावतात. नातवाला बजावलं आहे, आजीसारखं 'काहून' म्हणायचं नाही, शाळेत हसतात. अहो, काय लाज आहे ही! एका बाजूला बालाघाट, एका बाजूला राजनांदगाव, मधे आपण. मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी, सालेकसा-देवरीकडे गोंडी, इतक्या भाषा या जिल्ह्यात पायलीनं मोजाव्यात अशा पडल्या आहेत. त्यातल्या एकीतही एका कुत्रीपुरतं नाव सापडू नये? नागझिऱ्याच्या वाघाला 'जय' हे नाव चाललं. तो पुढे उमरेड-कऱ्हांडल्यात गेला, २०१६ मध्ये बेपत्ता होईपर्यंत त्याच नावानं मिरवला, पर्यटकांनी कधी तक्रार केली नाही. वाघाचं भागलं ते लॅब्राडोरचं भागत नाही.

बरं, परंपरा हवी असेल तर तीही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाची कुत्री आहे. देवांची कुत्री. चोरलेल्या गाईंचा माग काढत ती थेट पणींच्या दारात जाते आणि त्यांच्याशी वाद घालते. महाभारताच्या आदिपर्वात याच नावाची देवशुनी येते. तिच्या पोराला विनाकारण मारलं म्हणून ती भर यज्ञात जनमेजयाला जाब विचारते आणि शाप देऊन जाते. नाव तीन अक्षरी, आजीला म्हणता येण्यासारखं. मी सुचवून पाहिलं. "जुनाट वाटतं," असं उत्तर आलं. स्पॅनिश लोकांकडेही बोलणारे कुत्रे आहेत. १६१३ साली छापलेल्या एका कथेत दोन कुत्रे रात्रभर इस्पितळात बसून माणसांची उणीदुणी काढतात. ही माहिती मी त्या घरी मुद्दाम दिली नाही. एस्पेरान्साला बोलता आलं असतं, तर काय काय बाहेर आलं असतं!

उदाहरणार्थ, फाटकावरच्या बाटल्या. निळं पाणी भरून ठेवलेल्या. त्यानं म्हणे रस्त्यावरची कुत्री दारात घाण करत नाहीत. त्या बाटल्यांपलीकडे एक तांबडी कुत्री राहते. चौकीदार दोन वाजता झोपतो, त्यानंतर लेआउटची राखण तीच करते. दरवर्षी विते. तिला नाव नाही, ना स्पॅनिश ना झाडी. 'हाड' एवढीच तिची ओळख, आणि ती मात्र सगळ्यांच्या तोंडी स्वच्छ उच्चारात येते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे निघाला की ती नालीत पोट टेकून पडते आणि एस्पेरान्सा कूलरसमोर. अख्ख्या घरात अस्सल स्पॅनिश असं काही असेल तर ती दुपारची झोप, आणि तीदेखील आपल्याकडे बैलगाडीखाली पिढ्यान्‌पिढ्या काढली जाते आहे.

परवा कळलं की पेरू मोठी झाली, आणि निळ्या बाटल्या ओलांडून कोणीतरी आत येऊन गेलं. घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. मी समजूत घातली की होतं असं, आता पिल्लं येतील, यंदा नावं आजींना ठेवू द्या. आजी खुलल्या. सूनबाईंनी मात्र व्यवहार आधीच ठरवून टाकला होता. मादी निघतील त्या बारदान्यात घालून पांगोलीच्या पलीकडे सोडायच्या. नर असेल तो ठेवून घेऊ.

"त्याला पोर्तुगीज नाव बघाल का?" त्यांनी मला विचारलं.