निवृत्त फुटबॉलपटूंसाठी गोल्फ : प्राथमिक मार्गदर्शिका (जबलपूर आवृत्ती)

ज्यांचा गुडघा गेलाय पण रविवार शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

तुम्ही खमरियाच्या, गन कॅरेज फॅक्टरीच्या किंवा रेल्वेच्या संघातून खेळला असाल. मैदानावर स्ट्रायकर, हजेरीपटावर फिटर. १९८५-८६ ची संतोष ट्रॉफी जबलपुरात झाली, तेव्हा तुम्ही मैदानात होतात की बाहेर शेंगदाणे खात होतात, हे आता कोणी तपासणार नाही. मैदानात होतो असंच सांगा.

या वयात नवा खेळ कसा धरायचा, असा संकोच नको. निदान या गावात तरी नको. स्नूकर इथलंच. १८७५ च्या पावसाळ्यात कंटाळलेल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने मेसमधल्या बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू टाकले आणि खेळ झाला. (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे. क्लबात हा वाद निघतोच, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

पायरी पहिली : आदर्श ठेवा, पण बेताने. गॅरेथ बेलचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये वेल्स युरो स्पर्धेला पात्र ठरलं, तेव्हा ‘वेल्स, गोल्फ, माद्रिद, याच क्रमाने’ असं लिहिलेल्या झेंड्यामागे तो नाचला. पगार देणारं माद्रिद तिसऱ्या नंबरावर! ९ जानेवारी २०२३ ला त्याने निवृत्ती जाहीर केली आणि महिना उलटायच्या आत कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून हजर झाला. आपला पहिला महिना पीएफच्या कागदांत जातो. शिवाय बेलच्या घरामागे जगातल्या नामांकित होलच्या नकला आहेत. तुमच्या रांझीच्या क्वार्टरमागे तुळस आहे. तुळशीपाशी सराव करू नये.

फारच उमेद वाटू लागली तर आंद्री शेवचेंको आठवा. २००४ चा बॅलन डी’ऑर विजेता. २०१३ मध्ये खारकीव्हला गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धेत उतरला आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर बाहेर पडला. तेव्हा हौशी लीगच बरी. फुटबॉलवर पगार घेतला म्हणून गोल्फमध्ये तुम्ही व्यावसायिक ठरत नाही, तीही काळजी सोडा.

पायरी दुसरी : साहेबांची सवय करा. जबलपुरात गोल्फ म्हणजे छावणी. आजवर साहेब मांडवात खुर्चीवर बसायचे, तुम्ही उन्हात धावायचात आणि शेवटी रांगेत उभे राहून त्यांच्याशी हात मिळवायचात. आता त्यांच्याच बरोबरीने चार तास चालायचंय. पहिल्या होलवर जीभ टाळ्याला चिकटेल. तिसऱ्या होलवर निवृत्त कर्नलसाहेबांचा चेंडू झुडपात जाईल, ते वाकून शोधू लागतील, आणि तुमची जीभ आपोआप सुटेल. शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. घड्याळ तुम्ही लावू नका, नवे आहात.

उरलेली दरी हँडिकॅप बुजवतो. हँडिकॅप म्हणजे दुबळ्याला रीतसर सवलत. कमाल ५४, म्हणजे अठरा होलवर दर होलमागे साधारण तीन फटके माफ. फुटबॉलमध्ये ही सोय असती, तर खमरियाचा संघ मोहन बागानविरुद्ध पाच गोलांची आघाडी घेऊनच मैदानात उतरला असता. त्यातही स्टेबलफर्ड पद्धतीची लीग मिळाली तर सोडू नका. तिच्यात एखाद्या होलवर पार वाट लागली तर शून्य गुण घ्यायचे, चेंडू खिशात टाकायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. एवढी माया फुटबॉलने कधी दाखवली नाही.

पायरी तिसरी : चेंडू ओळखा. फुटबॉलचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. याचं जास्तीत जास्त ४५.९३. पण खरी अडचण वजनाची नाही. जन्मभर चेंडू तुमच्याकडे आला आणि विचार करायच्या आत पाय चालला. हा चेंडू येत नाही. हा बसून राहतो. त्याच्यावर क्लब रोखून उभं राहिलं की माणसाला स्वतःचे सगळे दोष आठवायला भरपूर वेळ मिळतो. तेवढ्यात मागून कोणीतरी खोकतो.

पाय वापरू नये. हा मोह बाभळीच्या बुंध्यामागे सर्वांत जास्त होतो, कारण तिथे कोणी बघत नसतं.

पायरी चौथी : रेफ्री शोधणं थांबवा. तुमच्या लीगमध्ये तो नाही. ही पायरी सर्वांत अवघड, गुडघ्यापेक्षाही. चेंडू आपल्याच पायाला लागून बाहेर गेलाय हे ठाऊक असूनही थ्रो-इनसाठी हात वर करायचा, हे आपलं तीस वर्षांचं शिक्षण. गोल्फमध्ये हात वर करायचा तो स्वतःविरुद्ध. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने चेंडू किंचित हलल्याचं स्वतःच सांगितलं आणि एक फटका अंगावर घेतला. दुसऱ्या कोणी पाहिलंही नव्हतं. शेवटी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला. आमच्या काळच्या कुठल्याही प्रशिक्षकाने त्याला पुढच्या सामन्यात बेंचवर बसवलं असतं.

पायरी पाचवी : चेंडू होलमध्ये गेल्यावर शर्ट काढू नये.

पायरी सहावी : कॅडीचं ऐका. तुमची बॅग उचलणारा पोरगा तुमच्यापेक्षा चांगला खेळतो. हे गृहीत धरूनच चला. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडीच होता. २००८ ची इंडियन मास्टर्स जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या कोर्सवर गवत सांभाळायचे. या देशात गोल्फची खरी शाळा बॅगेच्या पट्ट्याखाली भरते. तुम्हीही मैदानाच्या त्याच बाजूने आलात, तेव्हा तुम्हाला हे कर्नलसाहेबांच्या आधी कळायला हवं. तो ‘साब, सात नंबर लो’ म्हणाला की सात नंबरच घ्या. फटका चुकला तर क्लबकडे बघा, त्याच्याकडे नको.

आणि त्याचे पैसे त्याच दिवशी द्या, रोख. हरलात तरी.