आंधळगाव ते भंडारा, व्हाया हाफ क्लच

आंधळगावच्या माणसाने गाडीचा परवाना काढायला निघावे, यावर तुमच्या मनात जो विनोद आत्ता येऊन गेला, तो भंडारा जिल्ह्यात प्रत्येकाने करून झालेला आहे. पोहेवाल्याने केला, एसटीच्या कंडक्टरने केला, दाखला देणाऱ्या डॉक्टरांनीही माझे डोळे तपासता तपासता केला. तेव्हा तो झाला असे धरून पुढे निघू.

आंधळगाव मोहाडी तालुक्यात येते. धानाच्या बांध्या, तलाव आणि कोष्ट्यांचे माग ही इथली ओळख. कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड इथे हातमागावर विणतात. गाडी चालवणे मात्र आमच्याकडे शिकण्याच्या गोष्टींत मोडत नाही. पोरगं आठवीत गेलं की बापाची मोटारसायकल काढतं, दहावीत अडकलं की ट्रॅक्टर. परवाना हा पोलीस दिसल्यावर आठवायचा कागद. अशा गावात चाळिशी उलटलेला माणूस रीतसर शिकून रीतसर परीक्षा देणार, असे कळल्यावर लोक मला काही बोलले नाहीत. त्यांनी बायकोला गाठले. "अजी वहिनी, भाऊची तब्येत बरी हाये ना?"

चाळिशीचा मुद्दा साधा नाही. तोपर्यंत माणूस स्वतःच स्वतःला धडधाकट ठरवू शकतो. नमुना १ भरून सही ठोकली की झाले. चाळिशीनंतर सरकारचा आपल्या शब्दावरचा भरवसा उडतो आणि नमुना १-अ वर डॉक्टरची सही लागते. त्यात एक प्रश्न असा, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर पाटी वाचता येते काय? डॉक्टरांनी खिडकीतून रस्त्यावरची जीप दाखवली. मी ताबडतोब "एमएच ३६" म्हणालो. आमच्या जिल्ह्यात उभी असलेली जीप बहुतकरून एमएच ३६ च असते, त्याला डोळे लागत नाहीत. पुढचे आकडे त्यांनी विचारले तोवर जीपवाला निघून गेला होता. मग भिंतीवरचा तक्ता आला.

शिकाऊ परवान्याची परीक्षा जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार कार्डाच्या जोरावर घरबसल्या देता येते. घरबसल्या म्हणजे आमच्याकडे घरातले सगळे भोवती बसल्यावर. संगणकासमोर मी, मागे बायको, भाचा, शेजारचे दोघे आणि खुर्चीवर मामाजी. मामाजींची उभी हयात मागावर गेली. स्वतःचे वाहन म्हणाल तर सायकल. शौक एकच, शंकरपट. बैलजोड्यांच्या या शर्यतींवरची बंदी सरून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्यांना कायद्याचे पक्के अभय दिले, तेव्हा मामाजींनी गावात पेढे वाटले होते. वेग या विषयात ते स्वतःला अधिकारी मानतात.

पहिला प्रश्न : लोक रस्ता ओलांडण्यासाठी थांबले आहेत, तुम्ही काय कराल?

"हॉर्न मार ना!" मामाजी.

बरोबर उत्तर थांबण्याचे होते. अरुंद पूल आहे, समोरून दुसरी गाडी पुलावर शिरते आहे. उत्तर पुन्हा थांबण्याचे. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडते आहे. थांबा. जनावरे बिथरतील म्हणून त्यांच्या धन्याने हात केला. थांबा. मामाजी वैतागले. "भासा, हे लायसन गाडी चालवाचं हाये का उभी करायचं?" पास व्हायला ६० टक्के उत्तरे बरोबर लागतात. प्रत्येक ठिकाणी थांबत थांबत मी त्या पलीकडे पोचलो. आयुष्यात प्रथमच भित्रेपणाला गुण मिळाले.

आता गाडीला 'एल' लावायचा. त्यालाही नियम आहे : १८ सेंटिमीटरची चौरस पांढरी पाटी, त्यावर लाल अक्षर, उंची १०, खालची रुंदी ९, जाडी २ सेंटिमीटर. भाच्याने अंदाजाने रंगवून आणला. मामाजींनी तो लांबूनच नापास केला. सुताच्या फरकाने काठ वाकडा गेला तर साडी परत येते, अशा धंद्यात डोळा घडलेला माणूस. त्यांनी फूटपट्टी मागवली, अक्षर पुसून नव्याने आखले, दोन्हीकडे सारखी जागा सोडली. मागून येणाऱ्यांची त्या 'एल'बद्दल कधीही तक्रार आली नाही. ज्या होत्या त्या गाडीबद्दल होत्या.

शिकवायला मास्तर होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असावा लागतो, हा नियम कुणा दूरदर्शी माणसाने केला असणार. पहिले काही दिवस माझी प्रगती बघून मलाच गहिवरून येत असे. गाडी वेळेवर थांबायची, हळुवार निघायची. मग एक दिवस मास्तरांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली आणि आजवर गाडी कोण चालवत होते ते उघड झाले.

सगळे दुखणे हाफ क्लचमध्ये होते. इंजिन सदा फिरत असते, चाके थांबलेली असतात. मधल्या दोन तबकड्या अलगद एकमेकींना टेकवायच्या, थोड्या घसरू द्यायच्या आणि मग पक्क्या धरायच्या. अलगद हा शब्द मास्तरांना उच्चारता येत होता, माझ्या डाव्या पायाला कळत नव्हता. पाय सुटला की गाडी एक गचका देऊन बंद. त्यात तो पाय थरथरायचा. मला वाटे इंजिनमध्येच काही बिघाड आहे. मास्तरांनी इंजिन बंद केले, तरी थरथर चालूच. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, भीती वाटली की मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात, शरीर पळायला तयार होते आणि स्नायू कापू लागतात. पळायला तयार झालेला माणूस पट्टा बांधून सीटवर बसला असेल तर ती तयारी क्लचवर उतरते. उपाय म्हणून चहा कमी करा आणि श्वास आत घेतला त्याहून सावकाश बाहेर सोडा, असे त्यांनी सांगितले. श्वास जमू लागला. चहा कमी करण्याचे घरी सांगायला मात्र परीक्षेपेक्षा जास्त धैर्य लागले असते.

मामाजींचे निदान निराळे होते. ते मला त्यांच्या मागावर घेऊन गेले. खड्ड्यात पाय सोडून बसवले. एक पाय दाबायचा तेव्हाच दुसरा उचलायचा, ताण्याचे धागे वर-खाली फाकतात, मधल्या वाटेने धोटा पळतो. घाई झाली तर धागा तुटतो, कुचराई झाली तर वाट उघडत नाही. "थो माग अन् हे मोटार एकच व्हय," मामाजी म्हणाले. "तुया आजानं पायानं कापड इनलं, तुले येक गाडी उचलता नाही येत?" मी त्यांचे चार धागे तोडले. पण घरी येताना डाव्या पायाला काहीतरी उमगले होते हे खरे.

चढाचा सराव तलावाच्या पारीवर केला. नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की उमेदवाराला चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे नेता आली पाहिजे. सपाट धानपट्ट्यात चढ आणायचा कुठून? तलावाची पार हाच आमचा घाट. अर्ध्या चढावर मी हँडब्रेक ओढून थांबलो आणि समोरून म्हशी उतरू लागल्या. मला उत्तर पाठ होते, जनावरांच्या धन्याने विनंती केल्यास थांबावे. पण विनंती करायला धनीच नव्हता. म्हशींनी परस्पर निर्णय घेतला, गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाट काढली आणि एकीने बोनेट हुंगून पाहिले. मास्तर म्हणाले, भंडाऱ्यातल्या ट्रॅकवर म्हशी नसतात. परीक्षेबद्दल कुणी दिलेला तो एकमेव दिलासा.

बाकी सगळे सल्लेच होते. नापास झालो तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते, तीनदा नापास झालो तर साठ दिवस थांबावे लागते, हा कायदा मला गावातल्या बिनपरवाना ड्रायव्हरांनी तोंडपाठ ऐकवला. भाच्याने दक्षिण कोरियातल्या चा सा-सून या भाजी विकणाऱ्या बाईंची हकीकत मोबाइलवर दाखवली. त्या लेखी परीक्षेलाच २००५ पासून बसत होत्या आणि २००९ मध्ये ९५०व्या खेपेला पास झाल्या. २०१० मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, हातात परवाना आला आणि ह्युंदाई कंपनीने त्यांना गाडी भेट दिली. भाच्याचा हेतू धीर द्यायचा होता. बायकोने मात्र ९५० ला परीक्षेच्या फीने गुणायला घेतले.

परीक्षेचा दिवस नोव्हेंबरातला. शिकाऊ माणसाने शेजारी परवानाधारक बसवून गाडी चालवायला कायद्याची ना नाही, म्हणून भंडाऱ्यापर्यंत गाडी मीच न्यायची असे मास्तरांनी ठरवले. मागच्या सीटवर मामाजी, सोबत देवीचा अंगारा, पाण्याची बाटली आणि खर्ऱ्याची पुडी. धानकापणीचे दिवस. रस्त्याच्या अर्ध्या भागावर कुणी धान वाळत घातलेला, उरलेल्या अर्ध्यावर तणसाने लादलेला ट्रॅक्टर डुलत चाललेला. त्या ट्रॅक्टरच्या मागे आम्ही इतके रमलो की मास्तरांनी "ओव्हरटेक" म्हटल्याचे मला ऐकूच आले नाही. ऐकायचे नव्हते, असे मास्तरांचे म्हणणे.

मोहाडीला चौंडेश्वरी देवीचे ठाणे. मामाजींनी मागून हात जोडले आणि मलाही जोडायला सांगितले. मी स्टिअरिंग सोडले नाही. देवी समजून घेईल, पण समोरचा ट्रक घेईलच असे नाही. वरठीला, जिथले रेल्वे स्टेशन भंडारा रोड या नावाने ओळखले जाते, लोखंडाच्या कारखान्याचे ट्रक रांगेने भेटले. प्रत्येकाने हॉर्न दिला. मामाजी प्रत्येकाला खिडकीतून हात दाखवत राहिले, त्यांना वाटले ओळखीचे आहेत.

भंडाऱ्यात शिरल्यावर तर्री पोहे. मी नको म्हणालो, पोटात आधीच कालवाकालव होती. "खाय बाप्पा, उपाशी पोटी पाय कापते," म्हणून मामाजींनी माझीही प्लेट संपवली.

उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या ट्रॅकवर उमेदवार झाडाखाली थांबले होते. एक पोरगा, ज्याने येताना स्वतःच टेम्पो आणला होता आणि तो कंपाउंडच्या बाहेर लावला होता. एक नर्सताई, जिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. माणसाची शीर शोधणाऱ्या हाताला गिअर काय जड! पोरगा आधी गेला, एका हाताने स्टिअरिंग फिरवत सुसाट निघाला, इंडिकेटर दिलाच नाही आणि नापास होऊन परत आला. एवढी वर्षे चालवतोय, तो सांगत होता. साहेबांनी तेवढेच वहीत लिहून घेऊ का, असे विचारल्यावर गप्प झाला.

माझे नाव पुकारले. साहेब शेजारी बसले. मास्तर नाहीत, त्यांची मांडी नाही, फक्त साहेबांच्या मांडीवर वही. गाडीला मी इतक्या दिवसांत भ्यायचे सोडले होते. आता नवी भीती त्या वहीची होती. पट्टा बांधला, सीट सरकवली. "आरसा," साहेब म्हणाले. नियमावलीतल्या यादीत आरसा नीट लावणे अगदी सुरुवातीलाच येते. मी आरसा वळवला तर त्यात कुंपणापलीकडे मामाजी. धोतर सावरून उभे, एक पाय दाबताहेत, दुसरा उचलताहेत, हवेत माग चालवताहेत. भोवती पाचपंचवीस माणसे जमलेली, कुणीतरी त्यांना पाणी आणून देत होते.

मला हसू आले आणि पाय कापायचा थांबला. मामाजींच्या तालावर क्लच सुटला. गाडी निघाली, वळली, थांबली. चढावर हँडब्रेक, हाफ क्लच, ॲक्सिलरेटर. एक बोटभरही मागे आली नाही. रिव्हर्समध्ये एका खुंटीला चाक घासून गेले, पडली नाही.

"मागे घ्यायला अजून शिका," साहेब म्हणाले. "बाकी ठीक. पास." मग आरशाकडे पाहून त्यांनी विचारले, "ते आजोबा तुमचे? त्यांना फिट आली होती का?"

परवाना यथावकाश टपालाने घरी आला. फोटोत मी ओळखू येत नाही, पण नाव बरोबर छापले आहे. मामाजींनी तो उलटसुलट करून पाहिला, कडा बोटाने चाचपल्या आणि कार्ड सरळ कापले आहे असा शेरा देऊन परत केले. गावात बाकी काही बदल नाही. ज्यांच्याकडे परवाना नाही ते अजून मला गाडी कशी चालवावी ते सांगतात.

तुम्हाला मात्र एक विनंती. धानकापणीच्या दिवसांत मोहाडीकडे आलात आणि पुढे लाल 'एल' लावलेली गाडी एखाद्या चढावर बंद पडली, तर मागून हॉर्न वाजवू नका. हॉर्नने त्या माणसाचा पाय क्लचवरून उडतो. आणि गाडी थोडी दूर थांबवा, कारण त्याची गाडी मागे येण्याचा संभव आहे.