फराळाचा धंदा: नवशिक्यांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

साहित्य: एक सोऱ्या, एक मोठी कढई, भाजणी आणि कौतुक करणारे नातेवाईक.

पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथी घरात असतेच, आणि धंद्याची सुरुवात तिच्यापासूनच होते. दिवाळीत कोणीतरी तुमची चकली तोंडात टाकतं, डोळे मिटतं आणि म्हणतं, “अगं, हे तू विकत का नाहीस?” हे वाक्य बोलणारी व्यक्ती पुढे कधीही तुमच्याकडून चकली विकत घेणार नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वही अजून आणली नसेल तर आणा. या धंद्यात तिच्याइतकं स्वस्त यंत्र दुसरं नाही.

कौतुक ऐकल्यावर लगेच काही करायचं नसतं. दहा महिने जाऊ द्यावेत. मग गणपती येतात, पाठोपाठ पितृपक्ष लागतो, त्यात नवं काही सुरू करत नाहीत, म्हणून घटस्थापनेचा मुहूर्त धरावा. घटस्थापना ते वसुबारस म्हणजे हातात जेमतेम साडेतीन-चार आठवडे. एवढ्या वेळात फराळाचा धंदा उभा राहू शकतो, पण त्यासाठी पुढली पायरी गाळावी लागेल आणि ती कोणीच गाळत नाही.

पायरी पहिली: नाव ठरवणे. याला एक आठवडा ठेवा. ‘सुगरण’, ‘अन्नपूर्णा’, ‘आईच्या हातची चव’ ही नावं सुचतील. ती पुढच्या गल्लीतही कोणालातरी सुचलेली असतात. घरातली तरुण मंडळी इंग्रजी नाव सुचवतील आणि सासूबाई कुलदैवताचं. शेवटी कुलदैवतच जिंकतं. मग नथ घातलेल्या बाईचं चित्र, त्याखाली नाव, त्याखाली ‘आमची कुठेही शाखा नाही’. हे खरंच असतं. आमचं दुकानच अजून नाही. व्हिजिटिंग कार्डं शंभराऐवजी हजार छापली तर स्वस्त पडतात, म्हणून हजार छापावीत. उरलेल्या कार्डांच्या पाठी कोऱ्या असतात आणि दुधाचा हिशेब लिहायला त्या उत्तम.

पायरी दुसरी: कागदपत्रं. सगळे घाबरतात ते इथे, आणि खरं तर सगळ्यात सोपी पायरी हीच आहे. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. घरातल्या स्वयंपाकघरात तळलं म्हणून सूट मिळत नाही. २०११ च्या नियमांनी छोट्या उत्पादकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवलं. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत घटक पदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावं ते, आणि शाकाहाराची हिरवी खूण. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करायची असेल तर ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. ती करून देण्याचे पैसे मागणारा कोणी भेटला तर पाहा, त्याचा धंदा तुमच्याआधी सुरू झालेला आहे.

पायरी तिसरी: भांडवल. ज्यांना चकली विकायची आहे त्यांनी आधी पीठ मळायचं यंत्र, व्हॅक्यूम पॅकिंगचं यंत्र आणि स्टीलचं चार फुटी टेबल घ्यावं, अशी प्रथा आहे. त्यासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोयही आहे. कर्ज वाईट नाही. पण पहिली दहा किलो चकली विकण्याआधी त्याची गरज कशाला लागते, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. १९५९ साली गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन चाळीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. तोच पुढे ‘लिज्जत’. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, आणि ती विकायला भुलेश्वरचा एक ओळखीचा व्यापारी होता. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी यंत्र आणलं नाही, एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. तोटा आला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही, हेही त्यांचं तेव्हाच ठरलेलं होतं. त्यांच्याकडे व्हिजिटिंग कार्डं होती की नाही, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

पायरी चौथी: भाव ठरवणे. इथे जरा थांबू, कारण बहुतेक घरगुती धंदे तळणात नाही, हिशेबात करपतात.

रूढ पद्धत अशी: कोपऱ्यावरच्या दुकानात चकलीचा भाव विचारायचा, त्यातून पन्नास रुपये कमी करायचे, आणि हा आपला भाव. दुकानदार पोत्याने डाळ घेतो, डब्याने तेल घेतो आणि आचाऱ्याकडून दिवसाला मणभर तळून घेतो, हे विसरायचं. वही आणली असेल तर आता उघडा. समजा, एक किलो चकलीला भाजणी दळणासकट ९० रुपयांची. चकली पिते ते तेल ४० चं. तीळ, ओवा, तिखट, हिंग १५. गॅस २०. पिशवी आणि लेबल १५. पहिला घाणा नेहमी बिघडतो, मोहन जास्त झालं की चकली कढईत विरघळते, कमी झालं की दगड होते, त्या नासाडीचे २०. झाले २००. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, रकाने हेच राहतील.

नवशिका इथेच वही मिटतो आणि म्हणतो, “३०० ला विकली तर शंभर सुटले!”

वही पुन्हा उघडा. भाजणी भाजायला, पीठ मळायला, सोऱ्या फिरवायला, तळायला, निववायला, मोजून भरायला आणि नंतर ओटा घासायला मिळून किलोमागे दोन तास धरा. हेच काम करायला कोणी बाई ठेवली असती तर तिने तासाला शंभर रुपये तरी घेतले असते, आणि तिने ते का घेऊ नयेत? म्हणजे किलोचा खरा खर्च ४००. तुम्ही ३०० ला विकता आहात. प्रत्येक किलोमागे शंभर रुपये तुमच्या कमरेतून आणि मनगटातून जात आहेत. ऑर्डरी जितक्या वाढतील तितका तोटा वाढेल, आणि बिल्डिंगभर नाव होईल की हिचा धंदा किती छान चाललाय! घरातल्या बाईचा वेळ फुकट धरायची ही सवय इतकी जुनी आहे की ती स्वतःसुद्धा तो फुकटच धरते. फराळाचा भाव ठरवताना पहिल्यांदा मोडायची ती ही सवय. ४०० च्या वर जे काही लावाल तो नफा. लावा.

भाव सांगितल्यावर एक आत्या म्हणतील, “एवढी? घरचीच तर आहे!” यावर वाद घालू नका. सोऱ्या त्यांच्या हातात द्या.

पायरी पाचवी: पहिले ग्राहक. नवशिक्या माणसाला वाटतं ग्राहक म्हणजे ओळखीची माणसं. म्हणून तो नमुने वाटतो. वीस घरी वाटीभर चकली आणि चिवडा जातो. आपल्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, त्यामुळे दोन दिवसांत वीस वाट्या परत येतात, त्यांच्या घरच्या चकलीने भरून. अशा रीतीने तुम्ही वीस घरांत माल पोचवलात आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात चकलीचा साठा वाढवलात.

यानंतर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात टाकायची. ती पाण्याच्या टाकीच्या तक्रारीच्या आणि ‘शुभ सकाळ’च्या मधे पडते. चौदा जण अंगठा दाखवतात. अंगठा म्हणजे ऑर्डर नव्हे. ‘मस्तच!’ हीसुद्धा ऑर्डर नव्हे. ‘रेट काय?’ हा ग्राहकाच्या घराण्यातला पहिला शब्द, पण भाव कळल्यावर तो विचारणारेही पुष्कळदा गप्प होतात. ‘शनिवारपर्यंत अर्धा किलो, बी विंग, ३०४’ ही ऑर्डर. तीच वहीत लिहा.

नातेवाईक तेवढ्यात ‘आपल्यासाठी’ दोन किलो बाजूला ठेवायला सांगतात. पैशांचं विचारलं की “जीपे करते” म्हणतात. क्रियापद वर्तमानकाळी आहे, अर्थ भविष्यकाळी, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत तो तसाच राहतो. त्यावर एकच उपाय माहीत आहे: ऑर्डर घेताना अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत, आणि सगळ्यांत आधी सख्ख्या बहिणीकडून घ्यावेत. तिने दिले की बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही. ती रागावेल. भाऊबीजेपर्यंत निवळते.

मग खरे ग्राहक कुठे असतात? जिथे तुम्हाला कोणाची मावशी म्हणून ओळखत नाहीत, तिथे. डोंबिवलीहून किंवा बदलापूरहून रोज मुंबईला जाणाऱ्या बाईला फराळाला वेळ नसतो, पगार असतो, आणि लेडीज डब्यात तिचा ठरलेला ग्रुप असतो. त्यातल्या एकीने अर्धा किलो नेला आणि ऑफिसात डबा उघडला की पुढच्या चार ऑर्डरी तुम्हाला न विचारता येतात. दुसरे ग्राहक पुण्या-ठाण्यातले आजी-आजोबा, ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा सिडनीत आहेत. परदेशी जाणाऱ्या पार्सलाचं कुरिअर आतल्या फराळापेक्षा महाग असू शकतं, त्यामुळे हे ग्राहक चकलीच्या वीस रुपयांवर घासाघीस करत नाहीत. मात्र त्यांची दिवाळी तुमच्याआधी सुरू होते. पार्सल काही आठवडे आधी निघावं लागतं, म्हणजे घटस्थापनेचा मुहूर्त त्यांना उशिराचा. ओल्या नारळाच्या करंज्या त्यांना देऊ नका, टिकणार नाहीत. चकली द्या, पण डब्यात मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर तिकडे भाजणीचा चुरा पोचेल.

तिसरे म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला. तो काउंटरवर पाकिटं ठेवील, खपल्यावर पैसे देईल, मऊ पडलेली परत करील आणि आपला हिस्सा कापून घेईल. हिस्सा जड वाटला तरी एक हंगाम करून पाहावं, कारण त्याच्याकडून घेणारा माणूस तुमचं तोंड न बघता घेतो. विकलं गेलं की नाही हे तिथे स्पष्ट कळतं, सौजन्याला वाव नाही.

एवढं झालं की घरात एक काका येतात. प्रत्येक घराला एक असतात, बहुधा बँकेतून निवृत्त झालेले. ते सोफ्यावर बसून, तुमच्याच चकलीचा तुकडा मोडत सांगतात, “मराठी माणसाला धंदा जमत नाही.” त्यांना चहा द्या आणि किर्लोस्करांचं सांगा. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर बनवला, आणि लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटत असल्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. विकोच्या पेंढारकरांनी सुरुवातीला दंतमंजन दारोदार फिरून विकलं. तुमच्या चकलीने कोणाची जमीन नासत नाही. काका हे ऐकून घेतील आणि म्हणतील, “तो काळ वेगळा होता.” जाताना पाव किलो बांधून मागतील. पैसे घ्या.

शेवटची पायरी दिवाळीनंतरची आहे आणि पुस्तकांत ती नसते. दिवाळीतली विक्री ही सणाची विक्री, त्यावरून काही ठरवू नये. तेव्हा लोक काहीही घेतात. कार्तिक संपत आला, घराघरांतले डबे रिकामे झाले, की अनोळखी नंबरवरून फोन येईल, “लेडीज डब्यातल्या एकीने नंबर दिला, अजून चकली करता का?” तुम्हाला वाटेल, पहिल्यांदाच घेतायत, थोडं कमी सांगावं. सांगू नका. वहीतला भाव सांगा, आणि सांगून झाल्यावर गप्प बसा.