विश्वस्तांनो, खाटा मोजा

धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांपुढे हल्ली रोबोटिक सर्जरी, एआय, परदेशी रुग्ण असे विषय येतात. एका खाटेमागे सरासरी उत्पन्न किती, हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवला जातो. विश्वस्तांनी त्याआधी दुसरा आकडा मागावा. आज राखीव खाटांवर किती गरीब रुग्ण आहेत?

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांत सगळं लिहून ठेवलंय. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीचा रुग्ण आला की आधी उपचार. अशा रुग्णांकडे डिपॉझिट मागायचं नाही. ही मेहरबानी नाही. धर्मादाय म्हणून ज्या करसवलती घेतल्या, त्यांचं हे देणं आहे.

आणि काउंटरवर काय ऐकू येतं? लालबागच्या चाळीतली बाई केशरी रेशनकार्ड पुढे करते. ‘कोटा फुल आहे.’ ‘तहसीलदारांचा दाखला आणा.’ ‘आधी डिपॉझिट भरा.’ समाजसेवा अधिकारी कुठे बसतो, हे तिला कोणी सांगत नाही. योजनेचा फलक असतो, पण कुंडीमागे. २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर डिपॉझिटचा प्रश्न राज्यभर पेटला. एक जीव जाईपर्यंत हा विषय कितीशा मंडळांनी चर्चेला घेतला होता?

खाट नाकारली की काय होतं ते पाहायला परळमध्ये एक चक्कर मारा. केईएमच्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत म्हणून जमिनीवर गाद्या टाकतात. टाटा हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर केमो घेणारी माणसं प्लॅस्टिकखाली झोपतात. निवारा देणारी नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तरी किती जणांना सामावून घेणार? नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उभं राहिलं ते गिरणी कामगारांच्या बायकांसाठी. त्याच वाडियात जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या वादात नवे रुग्ण घेणं थांबवण्याची पाळी आली. परळ-लालबागची माणसं रस्त्यावर उतरली, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा पैसे सुटले. कारभाऱ्यांची भांडणं बाळंतिणींनी आणि पोरांनी का सोसायची?

कॅन्सर, मूत्रपिंडविकार, हृदयविकार हे वर्षानुवर्षं चालणारे आजार आहेत. एका बिलात घर संपत नाही, दर महिन्याला थोडं थोडं संपतं. मंडळाने हे ओळखायला हवं. निर्धन रुग्ण निधीत शिल्लक दिसली की हिशेबनीस खूश होतो. ती शिल्लक म्हणजे कोणाचं तरी राहिलेलं ऑपरेशन. दर बैठकीत हा निधी, राखीव खाटा आणि परत पाठवलेल्या रुग्णांची संख्या पहिल्या पानावर हवी. शिवाय एका विश्वस्ताने महिन्यातून एकदा न सांगता काउंटरपाशी तासभर उभं राहावं.

वाचकहो, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर मोफत आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलतीत उपचार मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. समाजसेवा अधिकाऱ्याचं नाव विचारा, नकार लेखी मागा आणि तो कागद घेऊन वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.