चौदा सीड्यांची बेगमी

डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची 3.1 ही आवृत्ती 2005 साली आली, ती चौदा सीड्या घेऊन. डेबियनवाले आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात. हिचं नाव सार्ज, म्हणजे हिरव्या प्लॅस्टिकच्या शिपायांचा म्होरक्या. त्याला एवढी पलटण शोभूनही दिसली.

चौदा सीड्या म्हणजे वर्षाची बेगमी. एकदा भरून ठेवली की कुणाच्या दारात जायला नको. 56 केबीपीएसच्या मोडेमवर एक सीडी उतरवायची तर दिवसाहून जास्त वेळ जाई, तोही फोनची लाइन मध्ये तुटली नाही तर! त्यामुळे ज्याच्याकडे पूर्ण संच, त्याचा मित्रमंडळीत भाव वधारलेला. त्यातल्या बहुतेक सीड्या पाकिटातून बाहेरही येत नसत, हा भाग निराळा. कोणती पॅकेजेस जास्त वापरात आहेत ते पाहून लोकप्रिय मंडळींना पहिल्या सीडीवर जागा मिळे. अकराव्या सीडीवरच्या रहिवाशांकडे कोण फिरकणार?

फिरकायची वेळ आलीच तर काम मध्येच थांबायचं आणि पडद्यावर फर्मान निघायचं: अमुक लेबलची डिस्क घाला, एंटर दाबा. ती घालावी, तर जरा वेळाने आधीचीच परत हवी. संगणक मालक आणि आपण हरकाम्या!

नेटवरून बसवायच्या, म्हणजे नेटइन्स्टॉलच्या पद्धतीत ही हमाली नाही. छोट्या इमेजमधून यंत्र जेमतेम उभं राहतं आणि लागेल तेवढंच जवळच्या मिररवरून, ताजं, मागवून घेतं. सीडीवरची यंत्रणा मात्र पहिल्याच दिवशी सुरक्षा-अपडेटांची थकबाकी दाखवते. शहाणपण नेटकडेच आहे, मान्य. पण मालकीचं सुख? ते चौदा सीड्यांच्या चळतीतच.

शिवाय नेटचा एक पेच होताच. अनेक लॅपटॉपांचं वायफाय चालायला फर्मवेअर लागे. ते मुक्त नसल्याने अधिकृत इमेजमध्ये नसे. आणि नेटवर मिळे. म्हणजे नेट जोडायला आधी नेट हवं! मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व सोडायचं की वापरणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, यावर डेबियनमध्ये वर्षानुवर्षं खल झाला. अखेर 2022 मध्ये मतदान झालं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते फर्मवेअर इमेजमध्येच आलं. आता ही ‘छोटी’ इमेज 600 एमबीच्या वर गेली आहे. म्हणजे सारं नेटवरून घ्यायचं म्हणून निघालेल्याच्या पिशवीत आधीच जवळजवळ एक सीडीभर सामान, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.