गेटवेचे कारभारी

बडोद्याच्या अकोटा भागात, विश्वामित्री नदीच्या पश्चिम अंगाला, जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यांवर सनदी लेखापालांची, वास्तुविशारदांची आणि विमा-सल्लागारांची जी लहानलहान कार्यालये थाटलेली आहेत, त्यांपैकी बहुतेकांत एक असा मराठी गृहस्थ आढळतो, ज्याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी अद्याप घेतलेली नाही. हुद्द्याने तो हिशेबनीस असतो, क्वचित टंकलेखक म्हणून लागून पुढे ‘सीनियर असिस्टंट’ झालेला असतो. परंतु कार्यालयातील सर्व संगणकांना इंटरनेट पोहोचवणारी जी एकमेव वाट, तिची किल्ली त्याच्यापाशी असते, आणि या कामाचा उल्लेख त्याच्या नेमणूकपत्रात, पगारपत्रकात किंवा दिवाळीच्या बोनसात कोठेही नसतो. मराठी सहकारी त्याला ‘काका’ म्हणतात, गुजराती सहकारी नावापुढे ‘भाई’ जोडतात, आणि नेट बंद पडल्यावर दोघेही त्याला केवळ ‘अहो’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला कारभारी म्हटले आहे.

ही उपाधी निराधार नाही. गायकवाडांच्या दौलतीत कचेऱ्या चालवण्यासाठी जी मराठी कुटुंबे बडोद्यात आली, ती १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर आणि १९६० मध्ये गुजरात राज्य निराळे झाल्यावरही तेथेच राहिली. संस्थान गेले, कारकुनी टिकली. कारभाऱ्याच्या आजोबांनी दप्तराच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधली असेल तर नातवाने राऊटरचा पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर, तोही उलट्या क्रमाने, लिहून ठेवावा, यात घराण्याची रीत मोडली असे कोणी म्हणणार नाही.

गेटवे म्हणजे कार्यालयातील अंतर्गत जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर बसवलेले यंत्र. त्याला दोन तोंडे असतात. एका तोंडाला मोडेम, म्हणजे बाहेरची तार, आणि दुसऱ्याला स्विच, म्हणजे सर्व टेबलांकडे जाणाऱ्या तारांची पेटी. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तरी अकोट्यातील कार्यालयांत ते पुष्कळ उशिरा आणि एकाच संगणकावर आले, तेही दूरध्वनीच्या तारेवरून, त्यामुळे साहेब मेल पाहत असताना अशिलांना फोन सतत ‘एंगेज’ लागे. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक जोडणी अनेक संगणकांत वाटण्याची सोय आली, आणि कारभाऱ्याचा उदय झाला. त्याने रावपुऱ्याच्या बाजारातून दुसरे नेटवर्क कार्ड आणले, संगणकाची पेटी उघडली, कार्ड बसवले, पेटी बंद केली आणि एक स्क्रू उरला. तो स्क्रू त्याच्या खणात अद्याप आहे.

येथे पत्त्यांचा प्रश्न समजून घेणे आवश्यक आहे, कारण कारभाऱ्याचा सारा अधिकार त्यावर उभा आहे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. त्याच्या जुन्या व आजही रूढ असलेल्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. ही टंचाई आधीच हेरून १९९० च्या दशकात काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले, ज्यांत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते येतात. ते जगातील कोणत्याही कार्यालयाने वापरावेत, मात्र बाहेर नेऊ नयेत, असा संकेत आहे. त्यामुळे कार्यालयातील पंधरा संगणक बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. जुन्या वाड्यातील सर्व बिऱ्हाडांची पत्रे एकाच घरक्रमांकावर यावीत आणि ओसरीवरच्या म्हाताऱ्याने कोणाचे कोणते हे लक्षात ठेवून ती वाटावीत, तसे हे काम चालते. फरक एवढाच की गेटवे पत्र उघडून वाचत नाही, निदान वाचू नये अशी अपेक्षा असते. कोणी काय मागितले याची तो एक सारणी ठेवतो, बाहेरून उत्तर आले की सारणी पाहून ते त्या त्या टेबलाकडे धाडतो, आणि काम झाले की नोंद पुसतो.

कारभारी मात्र नोंद पुसत नाही. मधल्या काळात त्याने निकामी ठरलेल्या एका पेन्टियम संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली चढवली होती आणि त्यावर स्क्विड नावाचा प्रॉक्सी, म्हणजे सर्वांच्या वतीने पाने मागून आणणारा आडत्या, बसवला होता. या प्रॉक्सीची नोंदवही वेळ, यंत्र आणि संकेतस्थळ यांसह सर्व काही टिपून ठेवी. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर कोण दुपारी अर्धा तास असतो, नोकरीच्या शोधात कोण आहे, आणि भारताचा सामना असताना सर्वांत जास्त भार कोणत्या खोलीतून येतो, हे त्याला ठाऊक असे. एकदा ‘नेट स्लो का?’ असा लेखी खुलासा मागितला गेला, तेव्हा त्याने ‘एका संगणकावरून चलच्चित्राचा वापर आढळला, संबंधितास तोंडी समज देण्यात यावी’ असे लिहून कागद साहेबांपुढे ठेवला. तो संगणक साहेबांचाच होता. साहेबांनी शेरा मारला, ‘पाहिले’. त्यानंतर जाळ्याचा वेग सुधारला, आणि त्या वर्षी कारभाऱ्याची पगारवाढ नेहमीपेक्षा अंमळ बरी झाली, या दोन घटनांचा संबंध जोडणे शास्त्रीय पद्धतीला धरून होणार नाही.

त्याची खरी परीक्षा मात्र उत्साही नवख्यांकडून होते. आपल्या टेबलापाशी वायफाय नीट येत नाही म्हणून एखादी आर्टिकलशिप करणारी मुलगी घरचा जुना राऊटर आणते आणि भिंतीतल्या तारेला जोडून देते. आता प्रत्येक संगणक सुरू होताच ‘मला पत्ता कोण देतो?’ अशी जाळ्यात हाक घालतो, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता निमूटपणे घेतो. ही पत्तेवाटपाची पद्धत डीएचसीपी या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यात ज्येष्ठतेला काडीचीही किंमत नाही. नव्या राऊटरने गेटवेच्या आधी ओ दिली की अर्ध्या कार्यालयाला भलताच पत्ता मिळतो, बाहेर जायची वाट म्हणून तो परका डबाच दाखवला जातो, आणि त्याच्या पलीकडे इंटरनेट नसतेच. अशा वेळी ‘काका, नेट गेलं’ असा कल्ला उठतो. कारभारी शांतपणे चष्मा पुसतो आणि ‘नेट आहे, तुमच्याकडे नाही’ असे उत्तर देतो, जे अचूक असूनही कोणाच्या उपयोगाचे नसते. मग तो नेट गेलेल्या एका संगणकावर काळी खिडकी उघडतो, गेटवेच्या १९२.१६८.०.१ च्या जागी १९२.१६८.१.१ पाहून हुंकार देतो, आणि तारेचा माग घेत टेबलांखाली शिरतो. टिफिनच्या पिशव्या, पायपुसणी आणि जीएसटीच्या जुन्या फायली यांच्या आडून त्याचा आवाज येतो, ‘हे कोणाचं आहे?’ कोणाचेच नसते. डबा जप्त होऊन त्याच्या खणात जातो.

त्या खणाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. अकोटा म्हणजे प्राचीन अंकोट्टक. येथे १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा जो संचय उजेडात आला, त्यावरील उमाकांत शहा यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि अकोट्याचे नाव कलेच्या इतिहासात कायमचे गेले. कारभाऱ्याच्या खणातील छप्पन्न केबीपीएसचे मोडेम, मुंड्या गेलेल्या तारा आणि क्रिम्पिंगची पक्कड यांचे उत्खनन पुढेमागे झाले, तर स्तरनिश्चितीला अडचण पडणार नाही. प्रत्येक वस्तूवर त्याने चिकटपट्टी लावून ‘चालू आहे, टाकू नये’ असे लिहिले आहे.

पुराने त्याला दूरदर्शी ठरवले. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत त्याच दिवशी संपायची, ती सरकारने आठवडाभर आधी महिनाभर पुढे ढकलली होती म्हणून लेखापाल बचावले. त्यानंतर कारभाऱ्याने गेटवे जमिनीवरून उचलून माळ्यावर नेला, आणि साहेबांनी त्यास अनाठायी खर्च म्हटले. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतील मगर अकोटा स्टेडियमच्या परिसरात एका घराच्या छपरावर चढल्याचे छायाचित्र देशभर पाहिले गेले, तेव्हा माळ्यावरील यंत्राचा हेवा करण्याजोगा कोरडेपणा पाहून साहेब काही बोलले नाहीत, आणि कारभाऱ्याने मात्र मगर माळ्यावर येऊ शकते काय, याची चौकशी केली.

अलीकडे त्याचा वचक कमी झाला आहे. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की कारभाऱ्याने बंद केलेली संकेतस्थळे मंडळी खिशातूनच पाहतात, आणि बहुतेक संकेतस्थळे आता सांकेतिक लिपीतून बोलत असल्याने नोंदवहीत केवळ नावे उरली, मजकूर दिसेनासा झाला. तरीही सर सयाजीराव नगरगृहात मराठी नाटकाला बसले असता मध्यंतरानंतर त्याचा फोन थरथरतो, कारण महिन्याची २० तारीख असते, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते, आणि ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढे सांगायलाही त्याचाच आवाज लागतो.

कारभाऱ्याच्या निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने गेटवेचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवले, तिच्या तरुणाने मोबाइलवरून नवे यंत्र दहा मिनिटांत जोडले, पासवर्ड घेतले, आणि कारभाऱ्याला शाल-श्रीफळ मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रिंटर छापेना. त्याला कारभाऱ्याने २००७ मध्ये हाताने एक कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, जो कोणत्याही यादीत नव्हता. कारभारी आता दर मंगळवारी, मानधन घेऊन, सल्लागार म्हणून येतो.