पायमोजा : एक साधना (दुसरा नग ऐच्छिक)

पात्रता : साधकाला सुलट-उलट टाके, स्वेटरची पाठ आणि बाळाची टोपी एवढं येत असावं. अहंकाराला तेवढं पुरतं.

गुरू : शक्यतो नात्यातला असावा. आमच्या वन्सं मालिका बघत, हाताकडे न बघता विणतात. काही विचारलं की "अगं, सोप्पं आहे, हे बघ" म्हणून असा भरकन हात फिरवतात की आपल्याला दिसतो फक्त त्यांचा अंगठा. जरा हळू करा म्हटलं, की त्यांचं त्यांनाच येईनासं होतं.

सुया : दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच घ्याव्यात. चारांवर टाके, पाचवीने विणायचं. साळिंदर मांडीवर घेऊन बसण्याचा सराव असल्यास उत्तम. नसल्यास 'मॅजिक लूप' ही नवी विद्या शिकावी : लांब केबलची एकच गोल सुई, टाके निम्मे-निम्मे, मधून केबलचा फास बाहेर. टोचत काही नाही, पण अर्धी फेरी झाली की खेचाखेच, पुन्हा अर्धी, पुन्हा खेचाखेच. पद्धत कुठलीही असो, सुई बदलल्यावर पहिले दोन टाके ओढून घ्या, नाहीतर मोज्याच्या अंगाने सैल टाक्यांची शिडी चढत जाते. हे वन्संनी सांगितलं नव्हतं. "त्यात काय सांगायचं?"

माप : पावलाच्या घेरापेक्षा एक दशांश कमी. लोकरीत थोडं नायलॉन हवं.

टाच : आता देवाचं नाव घ्या. मोजा 64 टाक्यांचा असेल तर 32 टाचेला घ्यायचे, बाकीच्यांनी स्वस्थ बसायचं. त्या 32 वर पुढे-मागे 32 ओळींची पट्टी विणायची. मग सुलट बाजूने 18 टाके, दोनाचा एक, आणखी एक, आणि ओळ अर्धवट सोडून मागे फिरायचं! स्वेटरवाल्या माणसाला हे पटतच नाही. पण फिरलात तिथे टाक्यांमध्ये खिंड पडते. पुढच्या खेपेला खिंडीच्या अलीकडचा-पलीकडचा टाका एकत्र विणायचा. मोजत बसू नका, खिंड बघा. 32 चे 18 उरतात आणि सपाट विणीला आपोआप वाटी येते. ती वाटी मी घरातल्या प्रत्येकाला दाखवली. घरातल्या प्रत्येकाने मोजे दुकानात केवढ्याला मिळतात ते सांगितलं.

पुढे पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलताना कोपऱ्यात भोक पडतं. तिथे एक टाका जास्तीचा उचलावा. माझं भोक वन्संनी चष्मा लावून, एक अक्षर न बोलता भरून दिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोटं : शेवटचे टाके सुईदोऱ्याने जोडण्याला किचनरचं नाव आहे. होय, हिंदुस्थानचा सरसेनापती असताना कर्झनशी भांडलेला आणि 1905 साली त्याला राजीनाम्यापर्यंत नेणारा तोच. जपाचा मंत्र : पुढच्या सुईवर सुलट काढा, उलट ठेवा, मागच्या सुईवर उलट काढा, सुलट ठेवा. जप चालू असताना दाराची बेल वाजू देऊ नये. फोनही.

दुसरा मोजा : पहिल्यासारखाच.

वन्संना दाखवायला जाताना एकच न्यावा. दुसरा धुवायला टाकलाय म्हणावं. त्या काही विचारत नाहीत. त्यांच्याही कपाटात सुटे मोजे बरेच आहेत.